गळतं, पण कमी होत नाही

सर्व नातेवाईक, शेजारी, हितचिंतक, आणि विशेषतः ज्यांच्या मनात खोट आहे त्यांनी कृपया खुर्च्या ओढून पुढे बसावं. एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे. बुलढाण्यात, आमच्या घरापुढच्या नव्याकोऱ्या फरशीवर, सडा टाकून झाल्यावर आणि रांगोळी काढायच्या आधी, एक काळा थेंब सापडला. थेंब रुपयाएवढा होता, चकचकीत होता आणि कोणाचीही परवानगी न घेता तिथे आला होता.

मी खाली बसलो. थेंबाला बोट लावलं, दोन बोटांत चोळलं, नाकापाशी नेलं आणि डोळे बारीक करून म्हणालो, "इंजिन ऑइल."

"मंग तुम्हाले काय काकवी वाटली होती?" बायको म्हणाली. तिच्या एका हातात रांगोळीचा डबा होता आणि दुसरा हात कमरेवर. तो दुसरा हात कमरेवर गेला की आमच्या घरात निर्णय होतात.

थेंबाच्या बरोबर वर आमची जुनी गाडी उभी होती, निरागस चेहऱ्याने. किती जुनी ते सांगत नाही. तिच्यात कॅसेट घालायची खाच आहे, एवढ्यावरून ओळखा. दुकानाच्या कामासाठी आणि चारचौघांत मिरवायला आमच्याकडे दुसरी, उंच, नवी गाडी आहे. मग ही जुनी कशाला ठेवली, असं पाहुणे विचारतात. उत्तर व्हरांड्यात बसलेलं असतं, पेपर वाचत. ते म्हणजे आमचे बाबा.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांच्या गुडघ्यांनी त्याच्याही आधी हात टेकले आहेत. या जुन्या गाडीची पुढची सीट खाली, अगदी पाटाएवढी खाली आहे. तिच्यात बाबा स्वतःचे स्वतः बसतात. आधी गाडीकडे पाठ करायची, एक हात दाराच्या चौकटीवर, मग धप्पकन मागे. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत, मग डावा. मग दार लावून असं समोर बघायचं की जणू मधलं काही झालंच नाही. नव्या उंच गाडीत मी आणि शेजारच्या काकांनी मिळून एकदा त्यांना वर चढवलं होतं, एका लग्नाला जायला. लग्नात बाबा कोणाशी बोलले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, "मी काय पोतं हाव काय बे? इकून धरून तिकून ढकलाले?" त्यानंतर त्या गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तर दर शनिवारी, आमच्या कापडाच्या दुकानाला सुट्टी असते तेव्हा, मी बाबांना या जुन्या गाडीतून आधी मारुतीला नेतो आणि तिथून देऊळघाटच्या शेतावर. मारुतीला ते तेल वाहतात. शेतावर बांधाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, शेत बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणाऱ्याला सोयाबीनवरून चार शब्द सुनावतात, त्याच्याकडचा चहा पितात आणि दुपारी टवटवीत होऊन परत येतात. बाकी सहा दिवस टीव्ही आणि गोळ्या. हा शनिवार काढून घेतला तर बाबांच्या आठवड्यात काय उरतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. बायकोलाही. पण ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे पाहा, ही गाडी गळून राह्यली. उद्या घाटात बंद पडली, त मामाजीले घेऊन कुठं उभे राहाल? दसऱ्यापर्यंत गळणं थांबलं त ठीक. नाही त मी भंगारवाल्याले आवाज देते. यंदा झेंडूचा हार एकाच गाडीले पडीन."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, आमचे बाबा. हे ती चांगलं मोठ्याने बोलली. व्हरांड्यातला पेपर जराही हलला नाही.

गणपती नुकतेच गेले होते. दसरा तोंडावर होता. मी तपास हाती घेतला.

पहिला संशयित अर्थातच मिस्त्री. चिखली रोडला त्याचं गॅरेज आहे. हा माणूस गाडी दुरुस्त करत नाही, गाडीचं कीर्तन करतो. बॉनेट उघडलं की आधी एक पाऊल मागे सरतो, कपाळाला हात लावतो, आणि म्हणतो, "भाऊ, हे कोणी केलं?" आणि ते प्रत्येक वेळी त्यानेच केलेलं असतं. या उन्हाळ्यात सर्व्हिसिंग त्यानेच केलं होतं आणि गळती लागली ती उन्हाळ्यानंतर. आता तुम्हीच सांगा.

त्याने खाली वाकून पाहिलं. "टॅपेट कव्हरची पॅकिंग गेली," म्हणाला. पॅकिंग बदलली. दुसऱ्या दिवशी थेंब. "मंग चेंबरच्या नटाचं वायसर असन." वायसर बदललं. थेंब. "मंग सील. सील म्हणजे भाऊ, इंजिन खाली उतरवा लागते."

"उतरवायला किती दिवस?"

"ते उतरवल्यावर कळते."

हे ऐकल्यावर माझा संशय पक्का झाला. मी गाडी घेऊन घरी आलो. पण निघताना त्याने एक प्रश्न विचारला होता तो इथे नोंदवतो, कारण पुढे लागणार आहे. तो म्हणाला, "तेलाची पट्टी पाह्यता ना भाऊ? लेव्हल बरोबर हाय?" मी म्हणालो, "रोज सकाळी पाहतो. दोन खुणांच्या मधोमध, एकदम बरोबर." तो म्हणाला, "मंग झालं." आणि इंजिनातलं तेल मोजायच्या त्या पट्टीला हात न लावता त्याने बॉनेट आपटलं.

आता गंमत ऐका. हे वाक्य मी तोंडाने बोललो आणि गाडी चालवत घरी येता येता ते माझ्या कानांनी ऐकलं. रोज सकाळी पाहतो. एकदम बरोबर. म्हणजे? रोज फरशीवर थेंब पडतो, आताशा तर रुपयाचे दोन-तीन रुपये झाले होते, आणि पट्टीवरचं तेल तसूभर कमी होत नाही? मी गाडी बाजूला घेतली. उतरलो. बॉनेटकडे पाहत उभा राहिलो. गळतं, पण कमी होत नाही! अहो, एवढं पुण्य तर देवळातल्या समईनेही केलेलं नसतं. याचा अर्थ एकच. कोणीतरी तेल टाकतंय. चोरून. माझ्या गाडीत.

लोक गाडीतून तेल चोरतात हे मी ऐकलं होतं. तेल चोरून गाडीत टाकणारा माणूस किती खोल पाण्यातला असेल, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार आनंदही झाला. दुकानात दिवसभर परकर आणि अस्तरं मोजणाऱ्या माणसाच्या वाट्याला असं काही रोज येत नाही.

बॉनेटचं कुलूप केव्हाच मेलेलं आहे. समोरून दोन बोटं घातली की ते उघडतं. म्हणजे गुन्हेगाराला रान मोकळं.

मी दुकानातून पांढऱ्याशुभ्र मांजरपाटाचा तुकडा आणला आणि गाडीखाली अंथरला. दुसरा तुकडा घेऊन तेल ओतायच्या झाकणाभोवती पुसून पाहिलं. आणि काय सांगू! कापडावर ताज्या तेलाचा डाग उमटला, मधाच्या रंगाचा. हे काळं, वापरलेलं तेल नव्हतं. हे ओतताना सांडलेलं नवं तेल होतं. तीन-चार दिवसांनी पुन्हा पुसलं तर डाग वेगळा निघाला: जास्त गडद, जास्त चिकट, आणि वास उग्र. गिऱ्हाइकाला एकाच रंगाच्या म्हणून दोन साड्या दाखवल्या तरी त्यातला फरक मला लांबून कळतो. हे तर तेल होतं. दोन वेगवेगळी तेलं. म्हणजे दोन वेगवेगळी माणसं!

शेजारचे काका कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून हे सगळं पाहत होते. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आयुष्यभर लोकांच्या खिशाकडे बघायची सवय. डोळे अजून तसेच.

"काऊन, काय पाहून राह्यले कापडात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि कापड पाठीमागे लपवलं. आता ते का विचारतात? एवढ्या सकाळी भिंतीवर का? भिंत तर माझ्या कमरेएवढी. ज्याने आयुष्यभर धावत्या गाडीतून चढउतर केली त्याला कमरेएवढी भिंत काय?

"गाडी रडून राह्यली तुमची," काका म्हणाले. "म्हातारीले जास्त वागवू नये."

"तुम्ही तिच्या जवळ गेला होतात का?"

"मी? मी कायले जाईन? मी आपला इथून पाहतो."

मी त्यांचं नाव मनातल्या मनात टिपून ठेवलं.

घरातही चौकशी केलीच. कोठीत माझा स्वतःचा तेलाचा डबा होता, अडीनडीला आणलेला. त्यावर मी दुकानातल्या शिंप्याच्या खडूने, तेल जिथपर्यंत होतं तिथे बारीक रेघ मारली. डबा पांढुरका, आतलं तेल बाहेरून दिसणारा. रोज पाहायचो. तेल बरोबर रेघेवर. म्हणजे हे तेल कोणी घेत नाही. बायको सुटली. तरी एकदा डबा उचलला तर तो हलका वाटला. पण रेघ तर जागच्या जागी! मी स्वतःची समजूत घातली की माझ्या हाताला ताकद आली असेल.

बाबांवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाला स्वतःचा पाय उचलायला दोन्ही हात लागतात तो काय करणार? शनिवारी सकाळी मी आंघोळीला गेलो की ते आपले काठी टेकत, खांद्याला मारुतीची कापडी पिशवी अडकवून, उन्हाळ्यात त्यांच्यासाठीच केलेल्या सिमेंटच्या उतारावरून कठड्याला धरून हळूहळू खाली यायचे आणि माझी वाट बघत गाडीपाशी थांबायचे. पिशवीत तेलाची बाटली आणि रुईच्या पानांची माळ. शनिवारी आमच्या गावात अर्धी माणसं हातात तेल घेऊन चाललेली असतात. त्यांच्याकडे कोण बघतं?

मग मी पावडरीचा प्रयोग केला. डिझेलमध्ये कापड बुडवून अख्खं इंजिन पुसून काढलं, वाळू दिलं, आणि त्यावर बायकोची अंगाला लावायची पावडर शिंपडली. जिथून तेल येईल तिथे पावडर ओली होईल, असा हिशेब. गाडी इतकी सुवासिक कधीच नव्हती. गावातून एक फेरी मारून आलो आणि बॉनेट उघडलं. ती सगळी जागा, जिथे मिस्त्रीने पॅकिंग, वायसर आणि सील यांचा जप केला होता, कोरडी ठणठणीत. ओल होती ती वर, एअर फिल्टरच्या डब्याशी. तिथून एक काळा ओघळ इंजिनाच्या पाठीवरून खाली उतरला होता.

मी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "तिथून हवा जाते भाऊ. तेलाचं तिथं काय काम? तिथं तेल यीनच कसं?"

"आलंय."

"मंग कोणी टाकलं असन."

मी फोन ठेवून दिला. याला कसं माहीत, की कोणी टाकतंय?

या अवस्थेत मला नांदुऱ्याला जावं लागलं. रेल्वेने दुकानाचा माल यायचा होता. मी मुद्दाम जुनी गाडी काढली. घराबाहेर, अनोळखी मुलखात, जिथे माझ्या घरचं आणि माझ्या भिंतीवरचं कोणी नाही, तिथे ती कशी वागते ते पाहू. राजूरचा घाट उतरून, मोताळ्यावरून सपाटीला लागलो आणि स्टेशनच्या आवारात गाडी लावली. माल यायला वेळ होता. चहा प्यायलो, इंजिन गार होऊ दिलं. आणि सवयीने बॉनेट उघडून पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, ओढली.

तेल वरच्या खुणेच्या वर होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं बोटभर वर.

माझ्या तोंडून आवाज निघाला असावा. शेजारी ऑटोत पाय वर घेऊन बसलेल्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढली. "काय झालं भाऊ? साप निघाला काय?"

"इथे कोणी आलं होतं का? मी चहाला गेलो तेव्हा?"

"मी इथंच बसून हाव. कोणी नाही आलं. काही गेलं काय?"

"गेलं नाही," मी आवाज खाली आणून म्हणालो, "वाढलं. कोणीतरी इंजिनात तेल टाकलंय."

त्याने पाय खाली घेतले. मग ऑटोतून उतरला, माझ्याजवळ आला आणि माझ्याहून हळू आवाजात म्हणाला, "कुठं उभी केली होती तुमी बरोबर? जागा दाखवा. मी बी रोज तिथंच लावतो."

मी माल भरला आणि निघालो. सगळ्या घाटात आरशात बघत होतो. कोणी मागावर नव्हतं, एक कापसाचा ट्रक सोडला तर. तोही फार हळू येत होता, आणि ही गोष्ट मला तेव्हा संशयास्पद वाटली होती.

घरी आलो. गाडी तिच्या जागेवर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. दोन खुणांच्या मधोमध. एकदम बरोबर.

नांदुऱ्यात बोटभर जास्त, बुलढाण्यात बरोबर! म्हणजे रस्त्यात कोणी काढलं? कापसाचा ट्रक? मी पट्टी हातात धरून व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि फरशी धुवायला पाण्याची बादली आणून सिमेंटच्या उतारावर ठेवली.

मी बादलीकडे बघत होतो. बादली काठोकाठ नव्हती. पाणी बादलीच्या एका बाजूला जवळजवळ काठाला लागलं होतं आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं खाली होतं.

मी बादलीकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. बाबांना पायऱ्या नकोत म्हणून उन्हाळ्यात हा उतार केला तेव्हापासून गाडी व्हरांड्याला अगदी चिकटून उभी राहते, म्हणजे बाबांना चार पावलं कमी. तिची पुढची दोन चाकं उतारावर चढलेली असतात आणि मागची दोन खाली फरशीवर. गाडी सगळा दिवस आणि सगळी रात्र नाक वर करून उभी. आतलं तेल मागे सरकलेलं. आणि पट्टी असते पुढे.

मी उठलो, गाडीत बसलो, ती मागे घेऊन चारही चाकं सपाट फरशीवर आणली, थोडं थांबलो आणि पट्टी काढली. बोटभर वर!

म्हणजे उन्हाळ्यापासून मी रोज सकाळी, ठरल्या वेळी, मोठ्या गांभीर्याने, चुकीच्या जागी मोजत होतो. बरोबर दिसत होतं ते मुळात जास्त होतं. आणि उतार झाला त्याच आठवड्यात पट्टी कमी दिसली म्हणून पहिलं तेल मीच टाकलं होतं, हेही आठवलं.

शुक्रवारी दुपारी बाबा झोपले होते तेव्हा गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याला सगळं सांगितलं. बादलीही सांगितली. तो एक पाऊल मागे सरला, कपाळाला हात लावला, आणि म्हणाला, "मी म्हणलंच होतं, कोणी टाकलं असन म्हणून."

"तुम्ही तर सील म्हणत होतात."

"ते त तुमी म्हणले लेव्हल बरोबर हाय म्हणून! आता पाहा भाऊ, पाहुण्याले पोट भरल्यावर बी वाढत गेलं त काय होईन? मावत नाही म्हणून वरून बाहेर. तसंच हे. तेल जास्त झालं की इंजिन ते हवेच्या पाइपातून वर फेकते, ते फिल्टरच्या डब्यात जाते, डब्यातून खाली ओघळते. फरशीवर थेंब पडला की तुमाले वाटते गळून राह्यलं. मंग तुमी अजून टाकता."

"मी उन्हाळ्यात एकदाच टाकलं. आता टाकत नाही!"

"मंग कोण टाकते?"

ते शोधायचं मी माझ्याकडे घेतलं. त्याने जास्तीचं तेल काढून लेव्हल सपाटीवर खुणेला आणली, फिल्टरचा डबा आणि पाइप धुऊन काढला. निघताना म्हणाला, "काही बिघाड नव्हता गाडीत. बाईंले सांगा. उद्या सकाळी येऊन मी सोता पाहून जाईन, थेंब पडला काय ते."

शनिवार उजाडला. दसऱ्याच्या आधीचा शेवटचा. गाडी रात्रभर सपाट फरशीवर उभी होती, खाली ताजं मांजरपाट. मी आंघोळ करून बाहेर आलो तर मिस्त्री फाटकात हजर होता. बायको रांगोळीचा डबा घेऊन उभी होती. काका भिंतीवर होते. बाबा नेहमीप्रमाणे आधीच येऊन गाडीच्या सीटवर बसले होते, दोन्ही पाय अजून बाहेर, मांडीवर मारुतीची पिशवी.

मी वाकून गाडीखालून मांजरपाट ओढलं आणि सगळ्यांसमोर झटकलं. पांढरंशुभ्र. एक डाग नाही.

"बाई, गाडीले काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "अजून लय वर्षं मामाजीले वावरात नेईन."

बायकोचा हात कमरेवर होता. तो खाली आला. "मंग ठीक आहे," ती म्हणाली. "झेंडूचे हार दोन आणजा. आणि उतारावर चढवू नका तिले आता."

बाबांनी पिशवी छातीशी धरली आणि समोर बघितलं. पण मी अजून संपवलेलं नव्हतं. मला गुन्हेगार हवा होता.

"मिस्त्री," मी म्हणालो, "जाता जाता पट्टी बघून घ्या."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. आणि या वेळी तो खरंच एक पाऊल मागे सरला.

"भाऊ, काल मी सोता खुणेवर आणलं होतं. आज परत वाढलं!"

मी झाकणाभोवती मांजरपाट फिरवलं. डाग उमटला, गडद, चिकट, उग्र वासाचा. ताजा. आजचाच.

"कोणीही जागचं हलू नये," मी म्हणालो. हे वाक्य म्हणायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

काकांनी भिंतीवरची कोपरं काढून घेतली. "माझ्याकडं कायले पाहता? मी आताच उठलो!"

"तुम्ही रोज भिंतीवर काय करता?"

"आमच्या घरी टीव्ही बंद हाय!"

मी बायकोकडे वळलो. ती रांगोळीच्या डब्याचं झाकण उघडझाप करत होती. मग एका दमात म्हणाली, "हाव, टाकत होती मी. पण मंगळवारी. तुम्ही दुकानात गेले की कोठीतल्या डब्यातलं. तुमच्या खडूची रेघ पुसून मीच खाली मारत होती. थेंब पाह्यला की मले भेव वाटे. शनिवारी तुम्ही मामाजीले घेऊन जाता, आणि तेल संपून घाटात इंजिन जाम झालं, त? म्हणून टाकत होती. पण आज नाही. रांगोळीची शप्पथ, आज मी हात नाही लावला."

"गाडी भंगारात द्यायला निघालेली बाई, आणि तूच—"

"ते वेगळं. देईपर्यंत त चालली पाहिजे ना!"

मी तिच्या नाकापाशी मांजरपाट धरलं. "पण तुझं तेल मधाच्या रंगाचं. हे वेगळं आहे. हे गाडीचं तेलच नाही."

मिस्त्रीने कापड हातात घेऊन वास घेतला. "हे त ट्रॅक्टरचं हाय भाऊ. वावरातलं."

वावर! म्हणजे शेत. ट्रॅक्टर आमच्या शेतावर, बटाईवाल्याकडे. देऊळघाटला. तिथलं तेल इथे येणार कसं? तिथून इथे दर आठवड्याला येतं कोण? मी येतो. आणि...

एक एक करून आमच्या सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा सीटवर बसले होते, पाय बाहेर, नजर थेट समोर, व्हरांड्याच्या भिंतीवर. मांडीवरच्या मारुतीच्या पिशवीतून दोन बाटल्यांची तोंडं डोकावत होती. एकीत गोडेतेल होतं. दुसरी रिकामी होती आणि आतून काळपट.

मी जवळ गेलो. काही विचारायला तोंड उघडलं, पण मला एकही शब्द बोलू न देता बाबा माझ्याकडे वळले, काठी फरशीवर आपटली आणि ओरडले, "माह्याकडं काऊन पाहून राह्यला बे? मी त फक्त शनिवारीच टाकतो!"